वीस मिनिटं पुढे

एका देशातल्या विमानतळापासून दुसऱ्या देशातल्या विमानतळापर्यंत अंतर किती आणि पोचायला वेळ किती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तितका सोपा असता, तर मी ताईकडे बावीस वर्षांपूर्वीच जाऊन आलो असतो.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबबी सांगण्याची माझी पद्धत वेगळी आहे, ती पुढे येईलच.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. लग्नानंतर ती परदेशात गेली आणि तिथलीच झाली; बावीस वर्षांपूर्वी तिनं तिथं स्वतःचं घर घेतलं. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. बावीस वर्षं दर रविवारी तिनं मला तिचं घर फोनवरूनच दाखवलं. जिन्याची तिसरी पायरी करकरते. स्वयंपाकघराची खिडकी फुगून बसली आहे, ती देवानं जरी ओढली तरी उघडायची नाही. मागच्या दारी लिंबाचं झाड आहे, त्याला एका वर्षी चार लिंबं येतात आणि दुसऱ्या वर्षी चारशे. हे सगळं मला इतकं पाठ झालं होतं की अंधारात सोडलं असतं तरी तिसरी पायरी चुकवून मी वर गेलो असतो. फोनच्या शेवटी ती म्हणायची, "ये एकदा." मी म्हणायचो, "येणार गं, पण लांब किती आहे!" म्हणजे नक्की किती लांब, हे तिनं कधी विचारलं नाही, हे तिचे उपकार. कारण मलाही ते माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी एका रविवारी ताई म्हणाली, "धाकट्या, घर विकलं रे."

तुझे दाजी गेल्यापासून जिना झेपत नाही, एकट्या बाईला चार खोल्या झाडायला लागतात, आता एका खोलीत राहायला जाणार, वगैरे तिनं सांगितलं. मग म्हणाली, "चार महिन्यांनी, पंधरा तारखेला किल्ल्या द्यायच्यात. त्याच्या आत ये. स्वयंपाकघरात माझ्यासमोर एक खुर्ची आहे, तिच्यावर एकदा येऊन बस. मी एवढी वर्षं तुला या घराचं सांगत आले. खरं की खोटं, बघून तरी जा."

मी म्हटलं, "येतो."

"लांब आहे म्हणू नकोस."

"नाही म्हणत," मी म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे ते किती लांब आहे हे शोधायला बसलो.

इथे माझ्या पेशाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी बस महामंडळाच्या वेळापत्रक शाखेत चौतीस वर्षं काढली. आमच्या शाखेचे दोन नियम होते. पहिला असा, की आपल्या माणसानं हातात घड्याळ घेऊन मार्ग स्वतः तपासल्याशिवाय कुठलीही वेळ छापायची नाही. दुसरा नियम राखीव वेळेचा. दोन ठिकाणांमध्ये चाळीस मिनिटं लागत असतील, तर छापायची पंचावन्न. वरची पंधरा राखीव. रस्त्यात काही झालं तर असावीत म्हणून. ड्रायव्हर लोक ती पंधरा मिनिटं चहाच्या टपरीवर संपवून वीस मिनिटं उशिरा पोचायचे. मग आम्ही पुढच्या आवृत्तीत सत्तर छापायचो. मी निवृत्त झालो तेव्हा तो चाळीस मिनिटांचा मार्ग पावणेदोन तासांवर नेऊन ठेवला होता आणि बस कधीही उशिरा येत नाही म्हणून आमच्या शाखेला ढाल मिळाली होती.

अशा माणसानं कुणीतरी सांगितलेल्या वेळेवर विश्वास ठेवून विमानात बसावं, हे शक्य नव्हतं. जायचं तर आधी मोजायला हवं होतं, आणि नियमानुसार मोजायचं तर आधी जायला हवं होतं. या पेचात पहिला महिना गेला.

दुसऱ्या महिन्यात शेजारी आले. आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळी इमारत 'अनुभवी' म्हणते. ते एकदा मुलीकडे परदेशी जाताना मधल्या एका विमानतळावर अकरा तास अडकले होते. त्या अकरा तासांवर ते गेली नऊ वर्षं बोलत आहेत.

"अंतर?" अनुभवी आमच्या सोफ्यावर मांडी ठोकून म्हणाले, "दोन हजार सातशे बासष्ट. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. तिकिटं काढून देणाऱ्या एजंटकडे गेलो, तर तो संगणकात बघून म्हणाला, "दोन हजार चारशे." वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंनी शाळेतला पृथ्वीचा गोल आणला, त्यावर शिवणाचा दोरा ताणून धरला, दोऱ्याला गाठ मारली आणि हिशेब करून चार हजार चारशे पंचेचाळीस हा आकडा काढला. तीन माणसं, तीन आकडे. मी अनुभवींना जाऊन सांगितलं की तुमचा आकडा चुकला. ते म्हणाले, "बाईंचा दोरा सैल असेल." हे मी बाईंना सांगायला नको होतं. सोळा वर्षं एकमेकांच्या घरून वर्तमानपत्र नेणारी ती दोन घरं तीन आठवडे एकमेकांशी बोलली नाहीत. इमारतीत दोन पक्ष पडले. दोऱ्याचा पक्ष आणि अनुभवाचा पक्ष. पाण्याच्या टाकीची सभा होती, तीसुद्धा या विषयावर उधळली गेली.

शेवटी निघालं काय, तर अनुभवी मैलांत बोलत होते, एजंट विमानवाले वापरतात त्या सागरी मैलांत आणि बाई किलोमीटरमध्ये. तिघांचंही म्हणणं तंतोतंत एकच होतं. इतकं एकमत आमच्या इमारतीत पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि ते होण्यासाठी इतकं भांडणही कधी झालं नव्हतं.

अंतर ठरलं. राहिली वेळ. एजंटनं छापील कागद दिला. विमान इथून सकाळी दहाला निघतं, तिथं बारा वीसला पोचतं. येताना तिथून दुपारी एकला निघतं, इथं रात्री दहा वीसला पोचतं.

मी कागद दोनदा वाचला. "जाताना दोन तास वीस मिनिटं," मी म्हणालो, "आणि येताना नऊ तास वीस?"

"हो," एजंट म्हणाला.

"त्याच रस्त्यानं?"

"काका, रस्ता नसतो तो."

"पण उतार आहे का तिकडे?"

एजंटनं मला पाणी दिलं. मग त्यानं समजावून सांगितलं की तिथली घड्याळं आपल्या साडेतीन तास मागे असतात. मला ते समजलं, पण पटलं नाही. घड्याळ मागेपुढे करून वेळ कमीजास्त दाखवणं ही आमच्या खात्याची लबाडी आहे, ती विमानवाल्यांनी उचललेली मला आवडली नाही. मी घरी येऊन दोन्ही वेळांची बेरीज करून दोनानं भागलं. पाच तास पन्नास मिनिटं. हे उत्तर अगदी बरोबर होतं, हे मला पुढे कळलं. पण इतक्या लवकर बरोबर आलेलं उत्तर चुकीचं असणार, अशी खात्री असल्यामुळे मी ते बाजूला ठेवलं.

"अहो, तिकीट काढा ना," सौ. म्हणाली.

"काढतो. कागदपत्रं तरी होऊ दे."

कागदपत्रं ही अनुभवींची सूचना. पेन्शन घेणाऱ्या माणसानं परदेशी जाण्याआधी जुन्या कार्यालयाचं 'ना हरकत' पत्र घ्यावं लागतं, नाहीतर विमानतळावरून परत पाठवतात, असं ते छातीठोकपणे म्हणाले. मी माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण माझी खुर्ची मी लगेच ओळखली. ती जिन्याखाली उलटी ठेवली होती.

खिडकीतल्या कारकुनानं एक अर्ज दिला. त्यात रकाना होता, 'प्रवासाचे अंतर (रस्त्याने)'.

"मी विमानानं जाणार आहे," मी म्हणालो.

"रकाना रस्त्याचा आहे."

"मध्ये समुद्र आहे हो."

कारकून विचारात पडला. माणूस वाईट नव्हता. "मग असं करा," तो म्हणाला, "रस्ता नसल्याचा दाखला आणा. तो जोडला की रकाना रिकामा चालेल."

"कोण देणार असा दाखला?"

"रस्ते खातं. आणखी कोण देणार?"

रस्ते खात्याचं कार्यालय तीन मजली होतं आणि मला हवे असलेले साहेब चौथ्या मजल्यावर बसायचे. म्हणजे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "आमच्या ताब्यात जे रस्ते आहेत, त्यांचा दाखला आम्ही देतो. नसलेल्या रस्त्यांची नोंदच नाही आमच्याकडे. उद्या तुम्ही म्हणाल, नसलेल्या रस्त्यावरचे खड्डे बुजवा."

"मग मी काय करू?"

"तुम्ही रस्त्याची मागणी करा. आम्ही ती फेटाळतो. फेटाळल्याचं पत्र जोडा."

ही सूचना इतकी सुबक होती की जुना सरकारी नोकर म्हणून माझे डोळे भरून आले. आमचं शहर ते ताईचं शहर असा समुद्रावरून चार हजार चारशे पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता व्हावा, असा अर्ज मी रीतसर केला. तो फेटाळायला त्यांना पाच आठवडे लागले. मधे एकदा 'प्रस्ताव विचाराधीन आहे' असं पत्र आलं, तेव्हा मात्र मी धावत जाऊन, लवकर फेटाळा हो, अशी विनंती करून आलो.

फेटाळल्याचं पत्र घेऊन मी पुन्हा खिडकीशी गेलो. कारकून बदलला होता. नव्या कारकुनीण बाई म्हणाल्या, "पेन्शनरांना कुठं लागतं ना हरकत? तुम्ही जा की खुशाल. तुम्हाला अडवलंय कुणी?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. घरी येताना बसमध्ये मी त्याच्यावर बराच विचार केला.

तोवर साडेतीन महिने झाले होते. आणि आता माझ्या हातून जी चूक झाली, तिचं खापर मी अनुभवींवर किंवा रस्ते खात्यावर फोडू शकत नाही. ती चूक आमच्या घराण्याची आहे.

आमच्या लहानपणी घरात एकच घड्याळ होतं आणि बाबांनी ते वीस मिनिटं पुढे लावलेलं असायचं. शाळेला उशीर होऊ नये म्हणून. आम्हाला ते माहीत होतं. त्यामुळे घड्याळात दहा वाजले की आम्ही म्हणायचो, अजून नऊ चाळीसच झालेत, आणि निवांत बसायचो. बाबांनाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे, म्हणून ते कुणाला न सांगता आणखी पाच मिनिटं पुढे करायचे. पुढे आम्हाला तेही कळलं. त्या घरात कुणी वेळ सांगितली की आपण मनातल्या मनात वजाबाकी करायची, ही आमची रीतच होती. बाबा गेल्यावर ते घड्याळ ताईनं मागून नेलं.

तेव्हा ताई जेव्हा पंधरा तारीख म्हणाली, तेव्हा मी काय समजणार? ताई बाबांची मुलगी. मी उशीर करणार हे तिला ठाऊक. म्हणजे किल्ल्या द्यायच्या असणार पंचवीसला, आणि तिनं राखीव ठेवून मला सांगितली पंधरा. सरळ हिशेब. मी अठराचं तिकीट काढलं. म्हणजे सात दिवस हातात राखून.

"अहो, पंधरा म्हणजे पंधराच असेल," सौ. म्हणाली.

"तू आमच्या घरात नंतर आलीस."

"फोन करून विचारा तरी."

"विचारलं तर ती पंधराच म्हणणार. त्याला काय अर्थ आहे?"

रविवारी मी ताईला सांगितलं, "तिकीट काढलं. अठराला येतोय."

पलीकडून काही आवाज आला नाही. मी मनात म्हटलं, चार हजार चारशे पंचेचाळीस किलोमीटर आहे, आवाज जाऊन यायला वेळ लागणारच.

मग ती म्हणाली, "बरं. ये."

अठराला विमान दहाला निघालं आणि तिथल्या बारा वीसला उतरलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळात तीन पन्नास झाले होते. पाच तास पन्नास मिनिटं, एका मिनिटाचा फरक नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी छापील वेळेला पोचलो होतो आणि राखीव वेळ जशीच्या तशी हातात होती. मी घड्याळ साडेतीन तास मागे केलं.

ताई बाहेर काठी घेऊन उभी होती. फोनवर ती एवढी लहानखुरी वाटत नव्हती. "आलास," ती म्हणाली. मी वाकलो, तिनं मधेच धरलं.

टॅक्सीत बसल्यावर मी म्हटलं, "घरी ना?"

"आधी घर बघून येऊ," ती म्हणाली. मला वाक्य जरा विचित्र वाटलं.

टॅक्सी एका गल्लीत समोरच्या बाजूला थांबली. ताईनं दार उघडलं नाही, फक्त काच खाली केली. समोर एक छोटं दुमजली घर होतं. एक तरुण माणूस दाराला निळा रंग देत होता. घराच्या बाजूनं मागचं लिंबाचं झाड डोकावत होतं, चारशेचं वर्ष असावं. मी खिडकीकडे बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती, आणि तिच्यातून कुणाचा तरी पडदा बाहेर उडत होता.

"ताई, ती खिडकी उघडते?"

"रंधा मारला असेल त्यांनी," ताई म्हणाली. "सुचलं नाही कधी आपल्याला."

मग मला कळलं. पंधरा म्हणजे पंधराच होती.

"विचारू का त्यांना? पाच मिनिटं आत जाऊन येऊ."

"नको रे. ती खुर्ची नाहीये आता तिथे. आत जाऊन काय, त्यांच्या खुर्चीवर बसायचं?"

रंग देणाऱ्या माणसानं आमच्याकडे बघून हात केला. ताईनंही केला. टॅक्सीवाला म्हणाला, निघायचं का. आम्ही निघालो. तिसरी पायरी करकरते की नाही, हे बावीस वर्षं ऐकून मला आता कधीच कळणार नाही. अंधारात सोडलं, तरी.

ताईची नवी खोली चौथ्या मजल्यावर होती. पलंग, कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या. "यातली ती कुठली?" मी विचारलं. "कुठलीच नाही. या इमारतीवाल्यांचं सामान आहे हे. आपल्या खुर्च्या दारातून आत येईनात." भिंतीवर बाबांचं घड्याळ होतं. मी सवयीनं वीस मिनिटं वजा केली, मग मनगटाकडे बघितलं. घड्याळ अगदी बरोबर होतं.

"ताई, हे बरोबर वेळ दाखवतंय!"

"अरे, हे घड्याळ या देशात आणलं त्याच आठवड्यात लावलं बरोबर. इथली बस पाचची म्हणजे पाचला येते. वजाबाकी करत बसले, दोनदा चुकली. मग म्हटलं पुरे. इथे कुणाला फसवायचं?"

मग मी सगळं सांगितलं. वजाबाकी, पंचवीस, सात दिवस राखीव, सगळं. ताई आधी बघत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला, मी पाणी दिलं, आणि तिनं डोळे पुसले ते जरा जास्तच वेळ पुसले.

"वेड्या," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला सुट्टी मिळत नसेल."

"ताई, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली मला."

"तेच म्हणते."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "एवढं मोजलंस ना? मग सांग तरी, किती आहे?"

मी खिशातून कागद काढला. दोऱ्याची गाठ, मैल, सागरी मैल, फेटाळलेला रस्ता, सगळं त्याच्यावर होतं. मी चष्मा लावून वाचलं, "चार हजार चारशे पंचेचाळीस किलोमीटर. पाच तास पन्नास मिनिटं."

ताई कागदाकडे बघत होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला वरिष्ठांनी बरेच मेमो दिले. पण एका शब्दाचा कुणी दिला नव्हता.

मी आठ दिवस राहिलो. आम्ही त्या परक्या खुर्च्यांवर समोरासमोर बसलो आणि ताईनं मला जुनं घर पुन्हा सगळं सांगितलं. मीही नव्यानं ऐकावं तसं ऐकलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "या खोलीत करकरणारं काही नाही, हाच त्रास आहे." मग मी पलंगाचा एक बोल्ट जरा सैल करून दिला.

निघायच्या दिवशी विमान एकचं होतं. ताईच्या खोलीतून विमानतळ पाऊण तासावर. मी माझ्या हिशेबानं साडेनऊला निघायचं ठरवलं होतं, कारण राखीव वेळ ही गोष्ट माणूस एका धड्यानं सोडत नाही. बॅग दाराशी लावली, बूट घातले आणि भिंतीकडे बघितलं. आठ पन्नास. अरे वा, म्हटलं, बराच वेळ आहे.

मग सवयीनं मनगटाकडे नजर गेली. नऊ दहा.

मी पुन्हा भिंतीकडे बघितलं. टेबलाजवळची खुर्ची घड्याळाखाली ओढलेली होती आणि तिच्यावर काठी आडवी ठेवलेली होती. सत्त्याहत्तर वर्षांची बाई खुर्चीवर कशी चढली असेल, कोण जाणे. बाबांनी ते घड्याळ आयुष्यभर पुढे लावलं. मागे लावलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

ताई माझ्याकडे पाठ करून किटली भरत होती. "अजून वेळ आहे, धाकट्या," ती म्हणाली. "घोटभर चहा टाकते."

मी बूट काढले. मनगटावरचं घड्याळ बाहीच्या आत सरकवलं, तिची खुर्ची उचलून टेबलाशी जागेवर लावली आणि तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसलो.

"हो," मी म्हणालो, "बराच आहे."